राजदूत ३५० : हॉलमध्ये ठेवायची की वाघबीळचा घाट चढवायची?

जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी सकाळी माझ्या दिवंगत मित्राच्या मुलीचा फोन आला. "काका, दादा म्हणतोय बाबांची मोटरसायकल हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवायची. मला चालवायची आहे. आई म्हणते, विकून टाका आणि मोकळे व्हा. तुम्ही या आणि काय ते एकदा सांगा."

मी पस्तीस वर्षं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आतून कापून-घासून नीट करायचं काम केलं. जुन्या टूस्ट्रोक गाड्यांचे ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचे ठोकळे, माझ्या मशीनवरून बरेच गेले. त्यामुळे 'चालवू की जपू' हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. या घरात ते एका शब्दात देता आलं नाही. चार महिने लागले. ते कसे गेले, ते सगळं इथे लिहितो.

गाडी १९८४ ची राजदूत ३५०, एचटी म्हणजे हाय टॉर्क. जपानी यामाहा आरडी ३५० ची ही भारतीय आवृत्ती फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून बनवली. ३४७ सीसी, हवेवर थंड होणारे दोन सिलिंडर, सहा गिअर. मूळ जपानी गाडी ३९ हॉर्सपॉवरची. आपल्याकडे पेट्रोल वाचावं म्हणून ती ताकद उतरवली. आधीच्या एचटीला साडेतीस हॉर्सपॉवर ठेवली, नंतर आलेल्या एलटीला, म्हणजे लो टॉर्कला, सत्तावीस. तरी त्या काळात रस्त्यावर तिच्या बरोबरीला दुसरी भारतीय गाडी नव्हती. आपल्याकडे जोराने धावायला बांधलेली मोटरसायकल अशी तेव्हा हीच. पुढचा ब्रेक मात्र डिस्कऐवजी ड्रमचा दिला. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ' असं लोक म्हणायचे, त्याला तो ब्रेकही बऱ्यापैकी जबाबदार आहे.

गाडी महाग, पेट्रोल जास्त पिणारी, पार्ट मिळायचे नाहीत. नव्वदीच्या सुरुवातीला तिचा कारभार आटोपला. राहिलेल्या गाड्यांचे पोरांनी हाल केले. सायलेन्सर काढून जोर वाढवणारे एक्स्पान्शन चेंबर लावले, मडगार्ड कापले, सिलिंडरची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून मोठी केली. म्हणूनच कारखान्यातून आली तशी एचटी आज हजारात एखाद्याकडे असेल नसेल. मित्राची गाडी तशी होती. दोन्ही सायलेन्सर मूळचे, क्रोमचे मडगार्ड मूळचे, टाकीचा रंगही मूळचा. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने फोटो बघूनच साडेचार लाख देऊ केले होते.

घरी गेलो तेव्हा गाडी जिन्याखाली चादरीत होती. मित्र २०२२ साली गेला, पण आजारपणामुळे २०२१ पासूनच ती उभी होती. म्हणजे तीन वर्षं आणि तीन पावसाळे.

आधी तिघांचं म्हणणं ऐकून घेतलं. मुलगा अमेरिकेत अटलांटाला असतो, तो व्हिडिओवर होता. तो म्हणाला, "काका, ही एकदा पडली, घासली की परत मूळची होणार नाही. मी इथं अलाबामात बर्मिंगहमला बार्बर म्युझियम बघून आलोय. दीड हजाराच्या वर गाड्या आहेत, एकेक अशी ठेवलीय की बघत राहावं. आपली एक तरी तशी राहू दे."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रंग गेला की गेला. नवा रंग कितीही चांगला मारला तरी तो नवाच. पण ज्या संग्रहालयाचा दाखला तो देत होता, त्याला लागूनच त्यांचा स्वतःचा रेस ट्रॅक आहे आणि तिथल्या बहुतेक गाड्या थोड्या तयारीत चालू होतील अशा राखलेल्या असतात. मी त्याला तेवढं सांगितलं. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "काका, बाबा पडले होते तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मनगटाला प्लास्टर होतं त्यांच्या. मला तेच आठवतं." काचेच्या पेटीचं खरं कारण हे होतं. रंग, किंमत या गोष्टी नंतरच्या. बहिणीने त्या ड्रम ब्रेकवर बसावं हे त्याला सहनच होत नव्हतं.

मुलगी पुण्यात नोकरी करते, दोनशे सीसीची गाडी रोज चालवते, हात चांगला आहे. तिचं म्हणणं साधं होतं. "मला बाबांचा फोटो नकोय काका, फोटो आहेतच की. मला तो आवाज हवाय."

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चहा ठेवताना एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सांगाल ते. पण जिन्याखाली नको. रोज येता-जाता दिसते."

मी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. इंजिन उघडल्याशिवाय सांगणार नाही एवढंच म्हणालो. त्यामागे माझ्या हातून झालेली एक चूक आहे.

२००८ साली इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी मला हेच विचारलं होतं. त्यांची एलटी होती, सुंदर अवस्थेत. मी छातीठोक सांगितलं, की झाकून ठेवा, महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालू करा, गाडीला काही होत नाही. त्या सज्जन माणसाने नऊ वर्षं नेमाने तसं केलं. २०१७ मध्ये इंजिनातून खडखड यायला लागली म्हणून आम्ही ते उघडलं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगांच्या रोलरवर खड्डे पडले होते, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या डाव्या कनेक्टिंग रॉडला हाताला जाणवेल इतका सैलपणा होता, सायलेन्सर आडवे केले तर तांबडं पाणी आलं. बाहेरून गाडी शोरूमसारखी होती. क्रँक टाकून द्यावा लागला. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

टूस्ट्रोकची घडणच तशी आहे. फोरस्ट्रोकला खाली तेलाचा साठा असतो. टूस्ट्रोकच्या क्रँकला तेल मिळतं ते पेट्रोल-हवेबरोबर आत येणाऱ्या टूटी ऑइलच्या, म्हणजे टूस्ट्रोकसाठीच्या तेलाच्या, धुक्यातून. आरडीला वेगळी तेलटाकी आणि पंप आहे, पण तेल शेवटी जातं त्याच वाटेने. गाडी थांबली की बेअरिंगावरचा तो पातळ थर ओघळून जातो. शिवाय या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली. त्यामुळे गाडी कुठेही थांबवा, बहुतेक वेळा एका सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक, सायलेन्सरकडे उघडाच राहतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यातली ओल त्या वाटेने थेट आत. आणि पाच मिनिटं चालू करणं तर सगळ्यात वाईट, कारण पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं तर ती वाफ बाहेर जाते, नाही तापलं तर आतच बसते. मी त्या गृहस्थांना महिन्याला चमचाभर पाणी इंजिनात ओतायला सांगितलं होतं, असंच म्हणायचं.

म्हणून 'चालवायची की जपायची' या प्रश्नाची मांडणीच मला पटत नाही. उभी राहिलेली टूस्ट्रोक आपोआप जपली जात नाही. तिला मुद्दाम कोरडं करून, तेल पाजून, सगळी तोंडं बंद करून झोपवावं लागतं किंवा नीट तापवून चालवावं लागतं. चादर टाकून ठेवणं हा तिसरा प्रकार, आणि घरोघरी चालतो तो हाच.

फेब्रुवारीत इंजिन उतरवलं. वरचं हेड काढल्यावर उजवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, स्वच्छ. डाव्या बोअरला पोर्टच्या खालच्या कडेला गंजाची तपकिरी रेघ, नखाला लागेल न लागेल अशी. क्रँककेसमधून अर्धी वाटी गिअर ऑइल निघालं. म्हणजे क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं होतं. ते गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि पांढरा धूर सोडतं. डाव्या बाजूचं, डायनॅमोकडचं सील बोटाने दाबलं तर प्लॅस्टिकच्या बांगडीसारखं कडक. हे जास्त धोक्याचं. तिथून नुसती हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि भर वेगात इंजिन जाम होतं. चालकाला काही कळायच्या आत मागचं चाक घसटायला लागतं. 'रॅपिड डेथ'मधले काही मृत्यू अशा चार पैशांच्या सीलने झाले असावेत असं मला फार दिवसांपासून वाटतं.

मग मी बोअर गेज लावला. आरडीचा मूळ बोअर ६४ मिलिमीटर. झिजला की पाव-पाव मिलिमीटरने मोठा करत जायचं : ६४.२५, ६४.५०, ६४.७५, ६५. चार पायऱ्या. त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली लोखंडी नळी, बदलणं आलं, आणि मूळ ब्लॉकचं मूळपण तिथे संपतं. मित्राची गाडी दुसऱ्या पायरीवर, ६४.५० वर होती. म्हणजे चाळीस वर्षांत दोन पायऱ्या खर्च झाल्या, दोन शिल्लक. मुलाची बाजू सगळ्यात भक्कम असेल तर ती इथे. रंगाचं, क्रोमचं मी फार मनावर घेत नाही, पण ब्लॉकचं लोखंड एकदा कापलं की परत येत नाही.

सुदैवाने पिस्टन आणि बोअरमधला फरक तीन थाऊच्या (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत होता. बोअर करायची गरज नव्हती. हलकं होनिंग केलं, रेघ गेली. नव्या रिंगा टाकल्या. क्रँक एका मित्राच्या कारखान्यात प्रेसवर खोलून नवी बेअरिंगं आणि सील घातली, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने सरळ केला. हे काम घाईने करणाऱ्याच्या हातात देऊ नये. आम्ही दोन पूर्ण दिवस त्यावर बसलो होतो.

याच काळात कागदपत्रं काढली, तर तिथे तारीखच ठरलेली निघाली. गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८४ ची गाडी, म्हणजे १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९. पुढची मुदत २०२४. शिवाय आरसी अजून मित्राच्याच नावावर. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, नूतनीकरणाला फॉर्म २५, आणि गाडी समोर उभी करून तपासणी. काचेच्या पेटीत ठेवणारे लोक नेमकं हेच विसरतात. आरसी संपू देतात, नाव बदलत नाहीत, आणि दहा वर्षांनी कुणाला चालवावीशी किंवा विकावीशी वाटली तर हातात राहतं ते सुंदर लोखंड.

विंटेजचा मार्ग आहे का, असं मुलाने विचारलं. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज व्हायला गाडी पन्नास वर्षांची लागते. ही होईल २०३४ मध्ये. तशी नोंदणी केली तर नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, आणि मग गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. रोजच्या रस्त्यावर नाही. "म्हणजे दादा, आणखी दहा वर्षं तरी ती रस्त्याचीच आहे," मुलगी म्हणाली.

विम्याची गोष्ट मात्र मला अजून खटकते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातली किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते. आम्ही गेलो त्या कार्यालयात पंधरा हजाराच्या वर बोलायची कुणाची तयारी नव्हती. साडेचार लाखांची गाडी, पंधरा हजारांचा विमा. चालवायचं ठरवलं तर हा धोका पूर्ण आपल्या अंगावर, हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं.

मार्चअखेर मी माझं मत दिलं. गाडी चालवावी, पण तिचं जे परत मिळणार नाही ते उतरवून ठेवावं. मूळ सायलेन्सरांची जोडी कोरडी करून, आतून तेल मारून, कापडात गुंडाळायची आणि चालवायला दुसरी जोडी लावायची. टाकीही उतरवायची, पुण्याच्या नाना पेठेतून एखादी जुनी टाकी शोधून तिला रंग द्यायचा. मुलगा लगेच तयार झाला. मुलगी थोडी हिरमुसली, पण मान हलवली.

वहिनी मधे पडल्या. गाडीकडे आल्या, पदराने टाकी पुसली आणि म्हणाल्या, "भावजी, हे बघा." टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या जागी रंग घासून पातळ झाला होता, डावीकडे जास्त. वरच्या बाजूला, झाकणाच्या जरा पुढे, बारीक चार-पाच ओरखडे. "हिला पुढं बसवून शाळेत सोडायचे. सँडलच्या बक्कलचे आहेत ते. ही टाकी कपाटात ठेवून दुसरी लावणार असाल तर मग गाडी विकलेलीच बरी."

मी पस्तीस वर्षं गाड्या मोजत आलो. थाऊमध्ये, मिलिमीटरमध्ये. त्या टाकीवर मी दोन महिने काम करत होतो आणि ते ओरखडे मला फक्त रंगाचा दोष म्हणून दिसले होते. मूळ रंग म्हणजे कारखान्याचा रंग असं मी धरून चाललो होतो. या घरातला मूळ रंग तो नव्हताच. टाकी राहिली. सायलेन्सर तेवढे उतरवले.

पहिल्यांदा किक मारली १४ एप्रिलला, संध्याकाळी. तिसऱ्या किकला गाडी लागली. निळा धूर अंगणभर झाला, आणि आरडीचा तो पातळ, टणटणीत, दोन आवाज एकमेकांत गुंफल्यासारखा रींग-रींग सुरू झाला. तो ज्याने ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. मुलीने फोन धरून ठेवला होता. अटलांटाला सकाळ होती. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही, म्हणून नेटवर्क गेलं की काय असं आम्हाला वाटलं.

चालवण्याची शिस्त आम्ही कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीला लावली. महिन्यातून दोन रविवार. निघाली की कमीत कमी वीस किलोमीटर, त्याच्या आत परत फिरायचं नाही. त्यासाठी पन्हाळ्याचा रस्ता बरोबर बसतो. कोल्हापूरहून साधारण वीस किलोमीटर, वाटेत वाघबीळचा चढ, तिथे इंजिन चांगलं तापतं. पहाटे जायचं, ट्रक सुरू व्हायच्या आत. टायर कधी बनलेत ते बघून घेतलं. त्यांच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुन्यांवर '२३१२' होतं, म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, रबर लाकडासारखं. दोन्ही बदलले. पुढच्या ड्रमचे लायनर नवे. गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, 'एक राऊंड' सुद्धा नाही. भावाने आणखी एक अट घातली, पुढच्या गाडीपासून चार गाड्यांचं अंतर. तीही लिहिली.

जून ते सप्टेंबर गाडी बाहेर नाही. तेव्हा टाकी काठोकाठ भरायची किंवा पूर्ण रिकामी करून आतून तेल फिरवायचं, अर्धी टाकी कधीच नाही. कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या करायच्या. प्लगच्या भोकातून टूटी ऑइल सोडून किकने इंजिन सावकाश फिरवायचं, सायलेन्सरच्या तोंडांना बोळे. हे सगळं लिहूनही पहिल्या वर्षी एक चूक झाली. मे महिन्यात मुलगी कामात अडकली आणि गाडी पाच आठवडे वाट्यांत पेट्रोल तसंच ठेवून उभी राहिली. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, पायलट जेट, बुजलं, एका फ्लोटच्या वाटीचं पॅकिंग फुगून बाहेर आलं, खाली पेट्रोल ठिबकायला लागलं. नुकसान काही नाही, पण गॅरेजमध्ये वास घुमला आणि वहिनींनी ओरडून शेजाऱ्यांना उठवलं. तेव्हापासून घरी आल्यावर शेवटचा अर्धा किलोमीटर पेट्रोलचा कॉक बंद करून यायचं, असा नेम केलाय.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. वहिनींनी ते टाकीवर लावलं नाही, हेडलाइटवर लावलं.

डिसेंबरात मुलगा आला. दोन दिवस तो गाडीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बहीण निघाली तेव्हा तो मागे माझ्या स्कूटरवर बसला, आणि आम्ही त्याच्याच अटीप्रमाणे चार गाड्यांचं अंतर ठेवून वाघबीळपर्यंत गेलो. चढाच्या सुरुवातीला तिने गिअर उतरवला, गाडीने पिकप घेतला, आणि आमची स्कूटर मागेच राहिली. वर ती थांबली होती. त्याने हेल्मेट काढून गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरचे ओरखडे बोटाने चाचपले. चालवतोस का, असं तिने विचारलं. तो नको म्हणाला. पण परत येताना तो माझ्या नाही, तिच्या मागे बसला.

घरी आल्यावर आम्ही प्लग काढले. दोन्ही चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे मिश्रण बरोबर, सील शाबूत. गिअर ऑइलची पातळी होती तिथेच. कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखं.

आता पुढचा प्रश्न ६४.७५ चा आहे. या चालीने ती पायरी यायला बरीच वर्षं आहेत, मी तेव्हा असेन-नसेन. मुलाने परत जाण्याआधी ६४.७५ च्या पिस्टनांचा एक जोड रिंगांसकट मागवून ठेवला. तो वहिनींच्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात पैठणीशेजारी, तेलकट कागदात गुंडाळलेला.